पंख न हलवता : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : घार पंख न हलवता वर वर कशी चढते?

उत्तर : खरं तर ती सतत खालीच घसरत असते, तिच्याभोवतीची हवा मात्र त्याहून वेगाने वर जात असते. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचा झोत उठतो. तो सेकंदाला २ मीटर चढतोय आणि घार त्यात सेकंदाला १ मीटर घसरतेय असं धरा. आपल्याला ती १ मीटर वर गेलेली दिसते. झोत अरुंद असतो, त्यातून बाहेर पडू नये म्हणून त्या घिरट्या. कधी तिच्या शेपटीकडे बघा. पंख ताठ, पण शेपूट सुकाणूसारखी क्षणाक्षणाला तिरकी होत असते. सकाळी घारी उशिरापर्यंत बसून का राहतात, तेही आता कळेल : जमीन तापून झोत उठायचा असतो.

प्रश्न : वटवाघूळही तरंगतच जातं ना?

उत्तर : नाही. ते पंख मारून उडतं. तरंगत जाते ती उडणारी खार.

प्रश्न : सगळी इंजिनं बंद पडली तर विमान दगडासारखं कोसळतं का?

उत्तर : अजिबात नाही. २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ए३३० विमानाचं इंधन अटलांटिकवर गळून संपलं. दोन्ही इंजिनं थंड. वैमानिकांनी सुमारे १९ मिनिटं ते नुसतं तरंगवत अझोर्स बेटांवर उतरवलं. आतले ३०६ जण वाचले. उंची हाच त्यांचा शिल्लक साठा होता. प्रवासी विमान १ किलोमीटर उंची गमावताना साधारण १५ किलोमीटर पुढे जातं. मात्र धावपट्टी चुकली तर पुन्हा वर जाऊन फेरी मारायची सोय नाही, खरी धास्ती तिथे असते.

प्रश्न : ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनचं विमान, हलकं असावं, मग शर्यतीत पंखांत पाणी का भरतात?

उत्तर : हा माझा लाडका प्रश्न! वजन वाढलं तरी घसरणीचा सर्वांत चांगला कोन जवळपास तोच राहतो, फक्त तो साधायला वेग जास्त लागतो. म्हणजे तेवढ्याच उंचीत अंतर तेवढंच, पण जड ग्लायडर आधी पोचतं. झोत कमजोर असले की मात्र हेच पाणी नडतं, चढायला वेळ लागतो. मग वैमानिक ते हवेतच सोडून देतो.

प्रश्न : पंख नसलेला ‘उडता साप’ काय करतो?

उत्तर : फांदीवरून झेप घेताच बरगड्या फाकवून अंग चपटं करतो. पोटाची बाजू आत वळते, सगळा सापच पंख होतो. त्यातही तो हवेत वळवळत राहतो. ही वळवळ थांबली तर त्याचा तोल जाईल.