कालचा भात आणि केचाप मानिस

प्रश्न : मुलगी कामानिमित्त दोन वर्षं जाकार्ताला राहून आली. तिथल्या नासी गोरेंगची तिला फार आठवण येते. मी तीनदा करून पाहिला. भात शिजला की गरम गरमच कढईत घालते, आलं-लसूण, ढोबळी मिरची, सोया सॉस सगळं घालते. पण भाताचा गिचका होतो आणि मुलगी म्हणते, ‘आई, हा चायनीज झाला.’ काय चुकतंय?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, चूक ‘गरम गरमच’ या दोन शब्दांत आहे. नासी गोरेंग म्हणजे आपल्या फोडणीच्या भाताचा सख्खा भाऊ. तो रात्रीच्या उरलेल्या भाताचाच करायचा. मी सात वर्षं इंडोनेशियात योग्यकार्ताला राहिले, तेव्हा शेजारच्या इबूंनी मला तो शिकवला. इबू म्हणजे आई. वयाने मोठ्या बाईला तिकडे याच शब्दाने हाक मारतात. पहाटे साडेपाचला त्या रात्रीच्या भाताचं झाकण काढायच्या आणि आधी बोटांनी एकेक ढेकूळ मोडायच्या. तो पूर्ण मोकळा झाल्याशिवाय गॅस पेटत नसे. तुम्ही भात रात्री करा, गार झाला की लगेच फ्रिजमध्ये ठेवा. कोलम उत्तम. इंद्रायणी फार चिकट होतो आणि बासमतीला मसाला धरत नाही.

आता चवीचं. आलं आणि ढोबळी मिरची काढून टाका. तिकडच्या घरगुती स्वयंपाकाचा जीव ‘बुम्बू’त, म्हणजे ओल्या वाटणात असतो. दोघांसाठी पाच-सहा छोटे कांदे (आपल्याकडे सांबारचे म्हणून मिळतात ते), दोन लसूण पाकळ्या, तीन लाल ओल्या मिरच्या आणि मीठ. मिक्सरला लावू नका, पाणी सुटतं आणि वाटण परतण्याऐवजी उकळतं. इबूंकडे काळ्या दगडाचं ‘चोबेक’ होतं, ताटलीसारखं उथळ. त्याचा बत्ता वाकडा, मुठीत आडवा बसणारा. त्या कधी ठेचत नसत, मनगट पुढेमागे नेत रगडत. म्हणून खलबत्त्यापेक्षा पाटा-वरवंटा याला जवळचा. पाटा असेल तर जरूर काढा, फरक पहिल्याच घासाला कळेल.

वाटण तेलात कच्चा वास जाईपर्यंत परता. कडेला सारून एक अंडं फोडा, हलवा, मग तीन वाट्या भात घाला आणि आच मोठी करा. दोन माणसांपुरताच एका वेळी करा. जास्त भात घातला की कढई गार पडते आणि पुन्हा गिचका. शेवटी दोन चमचे केचाप मानिस, म्हणजे तिकडचा गुळाचा दाट सोया सॉस, कढईच्या कडेने सोडा. गूळ तापल्या लोखंडाला लागून किंचित करपतो, आणि तुमची मुलगी जो वास शोधते आहे तो हाच. वर एक अंडं पिवळं न फोडता तळून ठेवा. त्याला तिकडे ‘माता सापी’ म्हणतात, गाईचा डोळा. सोबत काकडीच्या चकत्या.

केचाप मानिस म्हणजे टोमॅटो केचप नव्हे. तो गोड, काकवीसारखा दाट सोया सॉस. बाटली मिळाली नाही तर घरी करा: एक वाटी साधा सोया सॉस, सव्वा वाटी किसलेला गूळ, एक चक्रीफूल, एक ठेचलेली लसूण पाकळी. मंद आचेवर चमच्याला लेप बसेपर्यंत आटवा. गार झाल्यावर आणखी दाट होतो, म्हणून थोडा पातळ असतानाच उतरवा. जावामध्ये नारळाच्या नीरेचा गूळ वापरतात. गोव्यात मिळणारा माडाचा काळा गूळ त्याच जातीचा, कुणी येत असेल तर मागवून घ्या. उसाच्या गुळाने काम भागतं, पण तो धुरकट वास येत नाही. सॉस मुळातच खारट असतो, तेव्हा भातात वरून मीठ घालण्याआधी चव बघा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. तिकडे सगळ्यात तेरासी, म्हणजे आंबवलेली कोळंबी असते असं ऐकलं. मग आम्ही काय करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सगळ्यात नसते. उराप करा. चवळीच्या शेंगा, पालक आणि मोडाचे मूग वेगवेगळे वाफवून घ्या. ओलं खोबरं, लाल मिरची, लसूण, चिमूटभर गूळ आणि लिंबाचं एक कोवळं पान बारीक चिरून असं एकत्र वाटून तेही दहा मिनिटं वाफवा. जेवायला बसताना कालवा. नाळीची भाजी मिळाली तर तीही घाला. तिकडे ती कांगकुंग नावाने रोज खातात, आपण मात्र ती ओढ्याकाठी तशीच सोडून देतो याचं मला वाईट वाटतं.

आणि टेंपे. भिजवून, सालं काढून शिजवलेलं सोयाबीन कोरडं करून त्याला विरजण लावायचं आणि केळीच्या पानात बांधून ऊबेला ठेवायचं. दीड-दोन दिवसांत पांढऱ्या बुरशीने दाणे घट्ट जोडले जातात, वडीसारखे कापता येतात. त्या विरजणाला तिकडे ‘रागी’ म्हणतात. पाककृतीत ‘रागी’ वाचून नाचणी घालू नका, एका मैत्रिणीचं दोन किलो सोयाबीन असंच वाया गेलं. पांढरी बुरशी हवी. गुलाबी किंवा हिरवी दिसली, घाण वास आला, तर सगळं टाकून द्या. तयार वडीचे पातळ काप तळून केचाप मानिस, मिरची आणि चिंचेच्या कोळात घोळवा. गरम भाताबरोबर आणखी काही लागत नाही.

प्रश्न : तिकडच्या रश्शात ‘दाउन सालाम’ नावाचं पान घालतात, त्याऐवजी तमालपत्र चालेल का? गलांगल आणि लेमनग्रासचं काय?
— एक वाचक, बडोदा

उत्तर : तमालपत्र नको. झाडंच वेगळी, आणि तमालपत्राच्या दालचिनीसारख्या वासाने पदार्थ आपल्या पुलावाकडे झुकतो. पान मिळालं नाही तर सरळ वगळा. गलांगल म्हणजे कुळिंजन. काष्ठौषधींच्या दुकानात वाळकं मिळतं, तुकडा रश्शात टाका आणि वाढताना काढा. लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहाच, मात्र पाती नको. मुळाजवळचा पांढरा दांडा घ्या, वरवंट्याने चेचा आणि गाठ मारून रश्शात सोडा. कुंडीत लावला असेल तर दांडा जाड होईपर्यंत थांबा.