इंग्रजीतलं रोजचं बोलणं शब्दशः घेतलं तर काय काय गमती होतात?

हा प्रश्न वाचला की बहुतेकांना शाळेत पाठ केलेली वाक्प्रचारांची यादी आठवते. कुत्र्यामांजरांचा पाऊस, बादलीला लाथ वगैरे. मला त्यात फारशी मजा वाटत नाही, कारण ते ऐकताक्षणी कळतं की यात काहीतरी वेगळं दडलंय. खरी धमाल साध्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या वाक्यांत आणि पाट्यांत असते.

मी इंग्लंडात, लीड्सला राहतो. आमचे अण्णा, म्हणजे वडील, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. उन्हाळ्यात आमच्याकडे येतात. इंग्रजी उत्तम वाचतात, पण उभा जन्म टेंडरच्या अटी वाचण्यात गेलाय. टेंडर वाचणारा माणूस शब्द जसा छापलाय तसाच धरतो, त्याला दुसरा इलाज नसतो.

लंडनच्या भुयारी रेल्वेत सरकत्या जिन्यापाशी पाटी असते, 'डॉग्ज मस्ट बी कॅरीड'. अण्णा तिथेच थांबले. मागे ही गर्दी! म्हणाले, "मस्ट लिहिलंय. आपल्याकडे कुत्रा नाही, मग आपण साध्या जिन्यानं जायचं का?" हा विनोद इंग्रज मंडळी स्वतःही पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत, पण अण्णा विनोद करत नव्हते. वर पोचल्यावर शेरा आला, "'असल्यास' हा शब्द राहिलाय. ड्राफ्टिंग कच्चं आहे." एका वाचनालयात मागच्या दारावर 'धिस डोअर इज अलार्म्ड' असं लिहिलेलं होतं. म्हणजे दार उघडलं तर भोंगा वाजेल. अण्णांनी दाराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "कशानं घाबरलंय?"

रस्त्यावरच्या पाट्यांची मात्र गंमत वेगळी. जवळच्याच हॅलिफॅक्स गावाकडे जाताना 'कॅट्स आइज रिमूव्हड' अशी पाटी लागली आणि मागच्या सीटवरून बायको किंचाळलीच. मांजरांचे डोळे काढले? हे 'मांजरांचे डोळे' म्हणजे रस्त्याच्या मधोमध बसवलेली, दिव्याच्या उजेडात चमकणारी काचेची बटणं. ती शोधून काढली हॅलिफॅक्सच्याच पर्सी शॉ यांनी, १९३४ साली पेटंट घेऊन. डांबरीकरण चालू असलं की ती उपटून ठेवतात आणि रात्री गाडी चालवणाऱ्यांना सावध करायला ही पाटी लावतात. एवढं सांगितल्यावर बायकोचा जीव भांड्यात पडला, पण अण्णांचा जीव आता त्या बटणात अडकला. पुढे एका सुनसान गावरस्त्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली, आणि मी दोन्हीकडे लक्ष ठेवून उभा असताना छत्रीच्या टोकानं एक बटण दाबून पाहिलं. टायर वरून गेलं की रबर खाली दबतं आणि काचेवरून पुसल्यासारखं फिरतं, खालच्या खाचेत साठलेलं पावसाचं पाणी धुवायला कामी येतं. म्हणजे डोळा आपला आपण मिटतो आणि साफ होतो. "याला म्हणतात डिझाइन," असं म्हणून अण्णा पुढे दहा मैल गप्प होते.

पुढची पाटी 'हेवी प्लँट क्रॉसिंग'. बायकोच्या डोळ्यांसमोर वडाचं झाड पारंब्या सावरत रस्ता ओलांडायला लागलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "रोलर नाहीतर पेव्हर असेल." बांधकाम खात्यात प्लँट म्हणजे यंत्रच, हॉट मिक्स प्लँटवर उन्हातान्हात उभं राहिलेल्या माणसाला कुंडी कशी आठवणार? स्पीड ब्रेकरला इथे 'स्लीपिंग पोलिसमन' म्हणतात हे कळल्यावर त्यांचं एवढंच म्हणणं होतं की आपल्याकडचे निदान खुर्चीत तरी झोपतात.

बोलण्यातल्या फजित्या याहून भारी. 'यू ऑलराइट?' हा आमच्या यॉर्कशर भागातला नमस्कार आहे, प्रश्न नाही. उत्तरादाखल आपणही तेच म्हणायचं आणि पुढे सरकायचं. दुकानातल्या कॅशियर मुलीनं तसं विचारलं तेव्हा अण्णांनी डावा गुडघा, मग उजवा गुडघा आणि उपाशीपोटीची साखर असं सगळं क्रमवार सांगितलं. मुलगी बिचारी गुणी, शेवटपर्यंत ऐकलंन्. रांगेचं मी काही बोलत नाही. बसच्या ड्रायव्हरबाई सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात. अण्णांना तिकीट देतानाही म्हणाल्या. दोन स्टॉप गेल्यावर अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हे घरी तुझ्या आईला बोलू नकोस."

शेजारच्या वयस्कर बाई आम्हाला एकदा बाजारात घेऊन गेल्या होत्या. तिथे त्या म्हणाल्या, 'आय मस्ट स्पेंड अ पेनी'. अण्णांनी तत्परतेनं खिशातून नाणं काढून पुढे केलं. आता बाईंना जायचं होतं ते संडासाला. पूर्वी सार्वजनिक संडासांच्या दारात पेनी टाकायची खाच असे, त्यावरून हे सोज्वळ बोलणं आलं. आता कितीतरी ठिकाणी जाणं फुकट आहे, लीड्स स्टेशनवरसुद्धा. बाई लाजल्या, पण नाणं घेतलं.

त्याच बाईंनी मग आम्हाला 'टी'ला बोलावलं. अण्णा शंकरपाळ्यांचा डबा घेऊन निघाले, मीही काही बोललो नाही, म्हटलं बघू. उत्तर इंग्लंडात 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण. टेबलावर चीज-कांद्याचा पाय (सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ, आपला चालायचा पाय नव्हे), कुस्करलेला बटाटा, मटार. अण्णांना पाय भलताच आवडला. बाईंनी आणखी वाढू का विचारल्यावर मात्र ते रीतीप्रमाणे म्हणाले, "नो, नो, इनफ." आपल्याकडे पहिलं 'नको' कोण मनावर घेतं? यजमान आग्रह करणार, आपण ताटावर हात आडवा धरणार, तरी बोटांच्या फटीतून वाढलं जाणार. बाईंनी 'राइट यू आर' म्हणून पाय उचलून आत नेला. शब्द जसाच्या तसा घेण्याची पाळी आता त्यांची होती. अण्णा त्या बंद होणाऱ्या फ्रिजकडे ज्या नजरेनं पाहत होते, ती नजर मी टेंडर हुकल्यावर ठेकेदारांच्या तोंडावर पाहिलीय.

निघताना त्यांनी दारात हात जोडले आणि म्हणाले, "ओके, आय ॲम कमिंग." आणि चालू लागले. बाई थंडीत दार उघडं धरून उभ्या. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून मला विचारलं, तुझे वडील काही विसरले होते का, परत का नाही आले? मी सांगितलं, आमच्यात निरोप घेताना 'जातो' म्हणणं अशुभ मानतात, म्हणून 'येतो' म्हणतात. बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, मग खरंच लगेच परत यायचं असेल तर काय म्हणता?

म्हटलं, तेव्हा 'येतोच' म्हणतो. तो 'च' त्यांना इंग्रजीत समजावणं काही मला जमलं नाही.