व्याज ‘अक्रू’ होतं, गाळ ‘ॲक्युम्युलेट’ होतो

प्रश्न : ताई, मी परभणीची. मिस्टरांच्या एफडीच्या स्टेटमेंटवर ‘अक्रूड इंटरेस्ट’ म्हणून आकडा छापलाय, पण खात्यात तेवढे पैसे आलेलेच नाहीत. पोरगी बँकेच्या परीक्षेची तयारी करायली, तिला विचारलं तर म्हणती अक्रू आन् ॲक्युम्युलेट एकच की, हळूहळू वाढणं. खरंय का?

उत्तर : अर्धं खरंय. वाढतं दोन्हीकडं, पण ॲक्युम्युलेटच्या मुळाशी लॅटिनमधला ‘क्युम्युलस’ म्हणजे ढीग आहे, भूगोलात शिकलो तो क्युम्युलस ढग तोच. म्हणजे साचणं. पैठणला नाथसागरात दर पावसाळ्यात गोदावरीचं पाणी गाळ घेऊन येतं, तो तळाशी बसत जातो, हे ॲक्युम्युलेट. तो कुणाचा हक्क नाही, कुणाचं देणं नाही, नुसता थर. तिथं अक्रू म्हटलं तर वाचणारा हसेल.

अक्रूमधे मात्र देणंघेणं आलं. काळ जाईल तसं कुणाच्यातरी नावावर काहीतरी लागत जातं, हातात येवो न येवो. तुमची एफडी १ लाखाची आन् दर ७ टक्के धरा, रोजचे साधारण १९ रुपये तुमच्या हक्काचे होत जातात, बँक ते खात्यात टाकेल मुदत संपल्यावर नाहीतर तिमाहीला, जसं ठरलं असेल तसं. मधल्या काळातलं न मिळालेलं पण लागू झालेलं व्याज म्हणजे तो स्टेटमेंटवरचा आकडा, त्यामुळं पैसे कुठं गेले म्हणून मॅनेजरशी भांडायला जाऊ नका. आन् हे उलटंही चालतं बरं का, पीककर्ज थकलं की त्यावरचं व्याजही अक्रूच होतं, फक्त आपल्या डोक्यावर.

पोरगीला व्याकरणाची एक गोष्ट सांगा. माणूस पुस्तकं, पैसा, भांडीकुंडी ॲक्युम्युलेट करू शकतो, अक्रू बहुतेक आपोआप होतं आन् पुढं ‘टू’ येतं, फायदा अमक्याला अक्रू झाला असं. हिशेबाच्या भाषेत ‘खर्च अक्रू केला’ म्हणतात, पण ते अकाउंटंट लोकांचं. (एफडीलाच ‘क्युम्युलेटिव्ह’ म्हणतात ते वेगळं, तिथं व्याज काढून न घेता मुद्दलात साचू देतात, म्हणून ढिगाचा शब्द.)

एक मात्र बघून ठेवा, व्याज मर्यादेच्या वर गेलं तर बँक या हातात न आलेल्या व्याजावरही टीडीएस (म्हणजे आधीच वळता केलेला आयकर) कापते, म्हणून मार्च संपला की व्याजाचं सर्टिफिकेट मागून घ्या.