वाचकांचे प्रश्न : कांचनजुंगाचा माथा आणि दिलेला शब्द

प्रश्न : पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे दहा गिर्यारोहक 2019 साली कांचनजुंगावर पोहोचले, तेव्हापासून या शिखराविषयी मिळेल ते वाचत आहे. या शिखरावरच्या पहिल्या चढाईत कोणीही अगदी माथ्यावर पाऊल ठेवले नव्हते, असे वाचनात आले. तसे असेल, तर ती चढाई पूर्ण कशी मानायची?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. नेपाळ आणि सिक्कीमच्या सीमेवरील 8,586 मीटर उंचीचे हे शिखर सिक्कीमच्या लोकांसाठी राखणदार दैवत आहे. म्हणून 1955 साली चार्ल्स इव्हान्स यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश मोहीम नेपाळच्या बाजूने, यालुंग हिमनदीच्या वाटेने निघाली, तरी माथ्यावर पाय ठेवणार नाही असा शब्द इव्हान्स यांनी सिक्कीमच्या चोग्यालांना, म्हणजे तिथल्या राजांना, दिला होता. गंमत अशी की, ही मोहीम मुळात वाट जोखण्यापुरतीच आखलेली होती. जमले तर पुढे जायचे, एवढीच मुभा होती.

25 मे रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राउन माथ्याच्या अगदी खाली आले, तेव्हा समोर उभा कातळ होता. त्यातली एक भेग धरून, प्राणवायूची नळकांडी पाठीवर असताना, ब्राउन वर चढले आणि दोराच्या आधाराने बँड त्यांच्यामागून आले. वर येऊन पाहतात तो बर्फाचा माथा काही पावलांवर, त्यांच्यापेक्षा जेमतेम पुरुषभर उंच! ते तिथेच थांबले. त्या उंचीवर एवढा कातळ चढून आल्यावर ती चार पावले न टाकणे मला त्या कातळाहून कठीण वाटते.

आता आपला मुख्य प्रश्न. चढण्याजोगे काही उरले नव्हते आणि थांबणे हा त्यांचा स्वतःचा निर्णय होता. त्यामुळे गिर्यारोहणाच्या इतिहासात हीच पहिली चढाई मानली जाते. 1977 साली कर्नल नरेंद्र कुमार यांच्या भारतीय लष्करी मोहिमेतील मेजर प्रेमचंद आणि नायक नीमा दोर्जे शेर्पा सिक्कीमच्या बाजूने, ईशान्येकडील अवघड धारेवरून वर पोहोचले, तेव्हा त्यांनीही माथा तसाच सोडला. पुढच्या सर्वांनी ही प्रथा पाळली, असे मात्र म्हणता येत नाही.

जाता जाता एक सांगतो. 1955 साली बँड आणि ब्राउन यांच्या चढाईच्या दुसऱ्याच दिवशी त्याच मोहिमेतील नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रीदर वर गेले आणि त्यांना त्या कातळाला वळसा घालणारी सोपी वाट सापडली.