मॉडिफाइड जीपच्या एसीत गॅस नेमका किती भरायचा?

तुमची अडचण मला कळली ती अशी: जुनी एमएम ५४० जीप, कूलिंग कॉइल व्हॅनची, गॅस थंड करून त्याचा द्रव करणारा कन्डेन्सर तिसऱ्याच गाडीचा, पाइप वाढवून घेतलेले. गॅरेजवाल्यानं गेज लावून ‘गॅस फुल आहे’ म्हणून सांगितलं, तरी सिग्नलला थांबलं की वारा गरम येतो.

गेज बघितला तेव्हा इंजिन चालू होतं का? बंद गाडीत काही वेळानं दोन्ही काटे (निळा कमी दाबाच्या बाजूचा, लाल जास्त दाबाच्या) सारखेच येतात आणि तो आकडा फक्त तापमान सांगतो. आर १३४ए, म्हणजे एसीतला गॅस, ३० अंशांना साधारण ९७ पीएसआय (दाबाचं एकक) दाखवतो. आत २०० ग्रॅम असो की ७००, थोडा द्रव शिल्लक असेपर्यंत काटा तिथून हलत नाही. त्यामुळे ‘फुल’ या शब्दाला तिथे काहीच आधार नाही. सकाळी गार गाडीवर हा आकडा एवढ्यासाठीच बघा, की तो बराच जास्त, म्हणजे ३० अंशांना ११५-१२० आला, तर आत हवा शिरली आहे किंवा भलताच गॅस भरला आहे. तसं असेल तर वरून गॅस घालून काही उपयोग नाही, सगळं काढूनच घ्यावं लागेल.

तुमच्या लक्षणांवरून मला गॅसपेक्षा कन्डेन्सरच्या वाऱ्याचा संशय जास्त आहे. आधी हे करून बघा: गाडी जागेवर चालू, एसी चालू, लाल गेजवर नजर, आणि कन्डेन्सरवर बाटलीनं पाणी फवारा. हाय साइड, म्हणजे लाल गेजवरचा दाब, धाडकन उतरून वारा गार झाला, तर पंख्याचं काम आहे. पंखा उलटा फिरतोय का, पंख्याभोवती आच्छादन आहे का, कन्डेन्सर आणि रेडिएटरमधल्या फटीतून गरम हवा परत फिरतेय का, ते तपासा. हे सुधारल्याशिवाय गॅसला हात लावू नका. माझ्या जीपला एका गॅरेजमध्ये याच तक्रारीवर ‘अजून थोडा’ म्हणत गॅस घातला गेला. सोलापूरच्या वाटेवर मेच्या उन्हात हाय साइड ३२० वर गेली, इंजिनाचा बेल्ट किंचाळायला लागला आणि इंजिनाचा काटा लालकडे सरकला.

आता गॅसचं. कंपनीच्या गाडीत बॉनेटखाली ग्रॅमचा स्टिकर असतो. आपल्या गाडीत तो नाही, म्हणून तो आकडा आपणच काढायचा. जुना गॅस मशिननं काढून घ्या, हवेत सोडू नका. १ किलो आर १३४ए म्हणजे पृथ्वी तापवण्याच्या हिशेबानं १४०० किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड. मग पाऊण तास पंपानं व्हॅक्यूम, म्हणजे आतली हवा ओढून काढणं, आणि पंप बंद करून अर्धा तास काटा जागचा हलत नाही ना, ते बघा. डबा वजनकाट्यावर ठेवा. दारं उघडी, ब्लोअर फुल, इंजिन १५०० आरपीएमला, जाळीसमोर मोठा पंखा. चालू इंजिनात गॅस फक्त निळ्या बाजूनं, डबा उभा धरून भरायचा. लाल वाल्व्ह उघडलात तर हाय साइडचा दाब डब्यात जाईल आणि डबा फुटेल. डोळ्यांवर चष्मा हवाच.

मी ४०० ग्रॅमपासून सुरुवात केली आणि पुढे ५०-५० ग्रॅम. दर वेळी दहा मिनिटं थांबून दोन्ही दाब, व्हेंटमधला वारा आणि कन्डेन्सरमधून निघणाऱ्या पाइपचं तापमान वहीत. दिवस ३५ अंशांचा होता. ४०० ला ड्रायरच्या (द्रव गॅस गाळून साठवणाऱ्या बाटलीच्या) काचेत नुसता फेस, ५०० ला तुरळक बुडबुडे, ५५० ला काच स्वच्छ. नंतर ६०० आणि ६५० ला हाय साइड २२८ च्या आसपासच राहिली. कारण जादा गॅस ड्रायरच्या बाटलीत साठत होता. २२८ ला गॅस ६० अंशांना द्रव होतो आणि पाइप ५४ ला होता, म्हणजे ६ अंशांचा फरक, अगदी हवा तसा. ७०० ला दाब २५० वर चढला आणि फरक ११ झाला: बाटली भरून द्रव कन्डेन्सरमध्ये तुंबायला लागला. ५५० ते ६५० या, दाब न हलणाऱ्या सपाट पट्ट्याच्या मधोमध, ६०० वर मी थांबलो. पट्टा तुमच्या गाडीत कुठे येईल ते तुमचा ड्रायर आणि पाइप ठरवतील, माझा आकडा उचलू नका.

नुसत्या काचेवरही विसंबू नका, पूर्ण रिकाम्या सिस्टिमची काचही स्वच्छच दिसते. फरक हातानं कळतो: गॅस पुरेसा असेल तर कूलिंग कॉइलमधून परतणारा जाड पाइप गार, घाम आलेला लागतो.

पाणी फवारल्यावर लाल काटा कितीवरून कितीवर आला आणि बाहेर किती अंश होते, ते इथे लिहा. त्यावरून गॅस काढायची वेळ आली आहे की नुसता पंखा बदलून भागेल, ते सांगता येईल.