शब्दशंका : ‘लॉपसायडेड’ म्हणजे एकतर्फी का?

प्रश्न : इंग्रजी वृत्तपत्रांत ‘लॉपसायडेड ग्रोथ’ आणि ‘लॉपसायडेड मॅच’, तर कथा-कादंबऱ्यांत ‘लॉपसायडेड स्माइल’ असे प्रयोग आढळतात. या तिन्ही ठिकाणी ‘एकतर्फी’ हा एकच प्रतिशब्द चालेल का?

उत्तर : सामन्याच्या बाबतीत चालेल, इतरत्र नाही. ‘लॉप’ म्हणजे सैल लोंबणे. लोंबत्या कानांच्या सशाला इंग्रजीत ‘लॉप-इअर्ड’ म्हणतात, त्यातला ‘लॉप’ हाच. अठराव्या शतकाच्या आरंभी हे विशेषण प्रथम जहाजांसाठी वापरले गेले. एका बाजूला भार अधिक झाल्यामुळे जे जहाज त्या अंगावर कलते, ते लॉपसायडेड. दोन्ही बाजू असतात, परंतु त्यांतील एक वरचढ झाल्याने तोल ढळतो, हा या शब्दाचा गाभा आहे.

‘एकतर्फी’मध्ये मात्र दुसरी बाजू पुष्कळदा नसतेच. प्रतिवादी गैरहजर असताना न्यायालय देते तो एकतर्फी हुकूमनामा आणि समोरच्याच्या मनात काहीच नसते ते एकतर्फी प्रेम. या दोहोंना लॉपसायडेड म्हणता येणार नाही. याउलट १७ सप्टेंबर २०२३ रोजी कोलंबोत आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात श्रीलंकेचा डाव अवघ्या ५० धावांत आटोपला आणि भारताने एकही गडी न गमावता ६.१ षटकांत विजय मिळवला, तेव्हा तो सामना लॉपसायडेड ठरला. क्रीडावृत्तांत ‘एकतर्फी’ याच अर्थाने रुळला असल्याने तेथे तो निःशंकपणे वापरावा.

विकासासाठी ‘असमतोल’ हाच शब्द मला नेमका वाटतो. १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने राज्याच्या सरासरीशी तुलना करून जिल्ह्यांचा अनुशेष मोजला, आणि त्या चर्चेतून ‘प्रादेशिक असमतोल’ हा शब्दप्रयोग सर्वांच्या परिचयाचा झाला. ‘एकतर्फी विकास’ म्हटल्यास तो कोणीतरी परस्पर लादल्याचा भास होतो. शेती मागे राहून केवळ सेवाक्षेत्र वाढले, असे सांगायचे असेल तर ‘एकांगी विकास’ही चालेल.

हास्याच्या बाबतीत विशेषणाचा हट्टच सोडावा. ‘वाकडे हसू’ म्हटले की त्यात कुत्सितपणा शिरतो, आणि मूळ इंग्रजीत तो बहुधा नसतो. उलट पुष्कळदा त्यात लाघव असते. अशा वेळी ‘तो ओठांच्या एका कोपऱ्यातून हसला’ असे सरळ लिहावे.