इंटरनेट रेडिओ मध्येच थांबतोय? आधी हे बघा

आवाज तुटतोय म्हणून लगेच नेटवाल्याला फोन लावू नका. 128 केबीपीएसच्या (सेकंदाला 128 किलोबिट) स्ट्रीमला, म्हणजे नेटवरून सतत येणाऱ्या आवाजाला, तासाला जेमतेम 58 एमबी डेटा लागतो. एवढं साधं कनेक्शनही सहज पेलतं. आधी दुसरं स्टेशन लावून बघा. ते नीट वाजलं तर गडबड बहुधा पहिल्याच्या सर्व्हरकडे आहे, तिथे आपल्या हातात काही नाही.

सगळीच स्टेशनं अडखळत असतील तर कॉम्प्युटरवर व्हीएलसी हा प्लेअर घ्या. 'ओपन नेटवर्क स्ट्रीम'मध्ये लिंक टाका, 'शो मोअर ऑप्शन्स'वर टिक करा आणि कॅशिंग, म्हणजे आवाज आधीच साठवून ठेवायचा वेळ, 1000 मिलिसेकंदांवरून 5000 करा. सुरू व्हायला जरा वेळ लागेल, पण नेट क्षणभर गेलं तरी गाणं तुटणार नाही. माझ्या मते निम्मं दुखणं इथेच संपतं.

स्टेशनच्या लिंकवरून पीएलएस (प्लेलिस्ट) फाइल डाउनलोड झाली पण वाजत नाही? नोटपॅडमध्ये उघडा. त्यात गाणं नसतंच, दोन-चार ओळी असतात. 'फाइल1='च्या पुढे खरा पत्ता दिसेल, तोच व्हीएलसीत पेस्ट करा.

मोबाइलची स्क्रीन बंद झाल्यावर थोड्या वेळाने रेडिओही गप्प होत असेल, तर अँड्रॉइडच्या बॅटरी सेटिंगमध्ये रेडिओच्या अ‍ॅपला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. आकाशवाणी ऐकायची असेल तर 'न्यूज ऑन एआयआर' अ‍ॅप घ्या, त्यात मुंबईची अस्मिता वाहिनीही आहे.

आणि हो, बातम्यांआधीच्या टोल्यांवर घड्याळ लावू नका. स्ट्रीम नेहमी काही सेकंद मागे असते. कॅशिंग वाढवलंत तर अजून मागे.